कल्याणकारी राज्य आणि अर्जाची पोच

१९८६ साली मी एका महाविद्यालयात इतिहास शिकवायला लागलो. पहिला पगार हातात पडला तेव्हा पगारपत्रकातल्या एका रकान्यावर नजर अडखळली. तिथं ‘पी. टी.’ असं लिहून पुढे काही रुपये वजा केलेले होते. शाळेत पी. टी. म्हणजे कवायत, एवढंच मला ठाऊक. हिशेबनिसांना विचारलं, तर ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “सर, व्यवसाय कर. सगळ्यांचाच कापतात. कुठं जातो ते विचारू नका, जातो एवढं खरं.”

कुठं जातो ते पुढे एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं सांगितलं. १९७५ साली महाराष्ट्रानं हा कर बसवला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या पगारदारानं, दुकानदारानं, वकील-डॉक्टरानं थोडं थोडं द्यायचं, सरकारनं त्यात तेवढीच भर घालायची आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं. हे ऐकलं आणि मी क्षणभर गप्प झालो. कारण माणदेशातल्या आमच्या गावात माझी आई, मी नको म्हणत असतानाही, याच योजनेच्या कामावर जात होती. मी तिला दरमहा मनीऑर्डर करत होतोच. ही दुसरी मनीऑर्डर माझ्या नकळत चालली होती.

‘आधुनिक कल्याणकारी राज्यापुढची आव्हानं’ या विषयावर बोला, असं आकाशवाणीनं सुचवलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो हा रकाना. विषय एवढा मोठा आहे की तो धरायचा कुठून हाच प्रश्न पडतो. मी तो रोजगार हमीपासून धरतो. कल्याणकारी राज्याच्या इतिहासात महाराष्ट्रानं स्वतःची म्हणून जी गोष्ट घातली, ती माझ्या मते हीच.

या विषयाची सुरुवात बहुधा युरोपपासून होते. तिकडे एक फेरी मारून येऊ. जर्मनीत बिस्मार्कनं १८८३ साली कामगारांसाठी आजारपणाचा विमा आणला, १८८४ मध्ये अपघाताचा आणि १८८९ मध्ये म्हातारपणाचं पेन्शन. पेन्शनचं वय ठेवलं सत्तर. त्या काळी सत्तरी गाठणारे मजूर किती असतील याचा अंदाज आपण करू शकतो. बिस्मार्कला गरिबांचा कळवळा होता असं कुणी म्हणत नाही. समाजवाद्यांची ताकद वाढत होती. १८७८ मध्ये त्यांच्यावर बंदीचा कायदा करून झाला होता, पण बंदीनं भागत नव्हतं. म्हणून एका हातात दंडुका आणि दुसऱ्या हातात पेन्शन.

ब्रिटनची गोष्ट निराळी. सर विल्यम बेव्हरिज यांचा अहवाल डिसेंबर १९४२ मध्ये, ऐन युद्धात प्रसिद्ध झाला. हे बेव्हरिज जन्मले आपल्याकडे, म्हणजे तेव्हाच्या बंगालमधल्या रंगपूरला. वडील इथे आयसीएस अधिकारी होते. दारिद्र्य, रोग, अज्ञान, गलिच्छ वस्ती आणि बेकारी या पाच राक्षसांशी राज्यानं लढायचं, असं त्यांनी मांडलं. सरकारी अहवाल कोण विकत घेतं? पण त्याच्या आणि त्याच्या संक्षेपाच्या मिळून सहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. ५ जुलै १९४८ ला तिथं सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू झाली.

या दोन्ही रचना एका गृहीतावर उभ्या होत्या. माणसाला नोकरी आहे, त्याचं नाव कुठल्या तरी पगारपत्रकावर आहे, दर आठवड्याला त्याचा हप्ता कापता येतो. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये कामगार राज्य विम्याचा कायदा झाला, १९५२ मध्ये भविष्य निर्वाह निधीचा. गिरणीतल्या, कारखान्यातल्या कामगाराला त्यांचा आधार मिळाला. पण दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाणाऱ्या बाईचा हप्ता कुणी कापायचा? तिला मालक रोज वेगळा आणि निम्मं वर्ष मालकच नाही. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, पण तो ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ आणि तेही मार्गदर्शक तत्त्व म्हणून. त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. थोडक्यात, देशातली बहुसंख्य माणसं या चौकटीच्या बाहेरच राहिली.

त्यांच्यासाठी आपल्याकडे जी वाट निघाली तिचं मूळ बेव्हरिजमध्ये नाही. ते दुष्काळात आहे.

१८७६ च्या दुष्काळात दख्खनमध्ये सरकारनं कामं काढली होती. १८७७ च्या सुरुवातीला व्हाइसरॉय लिटननं सर रिचर्ड टेंपल यांना खर्चाला आळा घालायला पाठवलं. त्यांनी मजुरी उतरवून रोजच्या एका पौंड धान्याच्या किमतीवर आणली, वर थोडे सुटे पैसे. दिवसभर दगड-माती उपसणाऱ्या माणसाला एवढ्यावर जगता येतं का, याचीच जणू ती परीक्षा होती. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी त्यावर काम सोडलं. उपाशी माणसांनी कामावर बहिष्कार टाकावा ही गोष्ट साधी नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. पुढे दुष्काळ आयोग बसला, १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि दुष्काळ संहिता तयार झाल्या. कामं केव्हा काढायची, मजुरी किती, हे सगळं नियमांत बसवलं गेलं. पण नियमांच्या मुळाशी संशय होता. काम कष्टाचं ठेवा, मजुरी जेमतेम ठेवा, म्हणजे खरोखर उपाशी असेल तोच येईल, असा तो हिशेब होता.

१८९६ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. तेव्हा टिळकांच्या प्रभावाखालच्या सार्वजनिक सभेनं एक फार साधी आणि फार धाडसी गोष्ट केली. दुष्काळ संहितेत काय लिहिलं आहे ते मराठीत छापून गावोगाव पोहोचवलं. सभेची माणसं खेड्यापाड्यांत जाऊन सांगू लागली की, सारा माफ व्हायला पाहिजे, काम मिळायला पाहिजे. हे आम्ही नाही म्हणत, सरकारचाच नियम म्हणतो. सरकार एवढं बिथरलं की १८९७ मध्ये त्यानं सभेची मान्यता काढून घेतली. सरकारला राग दुष्काळाच्या वर्णनाचा नव्हता, रयत नियमावर बोट ठेवायला लागली याचा होता.

संशय आणि हक्क ही दोन्ही बीजं इथेच पडली असं मला वाटतं. पुढच्या सव्वाशे वर्षांत कधी एक वर आलं, कधी दुसरं.

आता १९७२. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. लागोपाठ पाऊस गेलेला. विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरायचं. रेशनवर परदेशातली लाल मिलो यायची. तिच्या भाकरीला चव नव्हती, पण ती होती. कामावर पोरांना सुकडी वाटायचे. तिचा गोडसर वास मला अजून ओळखता येईल. गावाबाहेर खडी फोडायचं केंद्र निघालं होतं. आई सकाळी हातोडी घेऊन जायची आणि डोळ्यांच्या कडांना दगडाची पूड घेऊन यायची. रेडिओवर आकडे सांगू नयेत म्हणतात, ते ऐकणाऱ्याच्या लक्षात राहत नाहीत. पण एक सांगतो. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती. त्या दुष्काळात गुरं गेली, माणसांचे फार हाल झाले, पण पूर्वीसारखे हजारोंनी भूकबळी गेले नाहीत, याचं मोठं श्रेय या कामांना जातं.

एका शनिवारी मजुरी वाटपाच्या वेळी मी आईबरोबर होतो. मला नुकतं बरं वाचता यायला लागलं होतं. मुकादमाच्या मांडीवरचं मस्टर मी उलटं वाचलं आणि आईला म्हणालो, “तुझे दोन खाडे लावलेत.” ती तर रोज गेली होती. तिनं विचारलं, तेव्हा मुकादम म्हणाला, “लिहायचं राहिलं असंल. मिळतंय ते घे की.” तिनं घेतलं. रस्त्यानं ती मला एवढंच म्हणाली की पुन्हा असं मोठ्यानं वाचू नको. दुष्काळी काम म्हणजे सरकारचे उपकार, आणि उपकारात हिशेब मागायची रीत नव्हती.

ही रीत बदलायचा विचार एका माणसाच्या डोक्यात आधीपासून होता. वि. स. पागे १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ साली त्यांनी सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक प्रयोग करवला. जो काम मागेल त्याला काम द्यायचं. दुष्काळ असो वा नसो. या शेवटच्या चार शब्दांतच सगळी नवलाई होती. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा जो प्रसिद्ध अभ्यास मांडला, त्यातही ग्रामीण गरिबीवर सार्वजनिक कामांतून रोजगाराची हमी हाच उपाय सुचवला होता. वसंतराव नाईकांच्या सरकारनं १९७२ मध्ये योजना राज्यभर लागू केली, पण दुष्काळी कामांच्या लोंढ्यात ती बाजूला पडली आणि दुष्काळ सरल्यावर पुन्हा उभी राहिली. दुष्काळ सरल्यावरही ती उभी राहिली, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. मजूर, डाव्या पक्षांच्या संघटना आणि विशेषतः बायका यांच्या मोर्च्यांनी ती उभी करायला लावली. मग १९७५ चा व्यवसाय कर, १९७७ चा रोजगार हमी कायदा आणि २६ जानेवारी १९७९ पासून त्याची अंमलबजावणी.

कायदा काय म्हणत होता? ग्रामीण भागातल्या कुठल्याही प्रौढ माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं, तर पंधरा दिवसांत द्यायचं. दिवसांना मर्यादा नाही. घरटी एकालाच, असंही नाही. पुरुषाला आणि बाईला दर एकच, कारण मोजमाप मातीचं व्हायचं, माणसाचं नाही. काम देता आलं नाही तर बेकारी भत्ता. तो मात्र दिवसाला किमान एक रुपया असा नावापुरताच होता. एका राज्यानं अशी हमी कायद्यानं देण्याचं तेव्हा जगात दुसरं उदाहरण क्वचितच सापडलं असतं.

कायदा पुस्तकात असतो. तो गावात कसा आला ते मी पाहिलं. १९८१ च्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर घरी होतो. आईनं आणि शेजारच्या बायकांनी मला अर्ज लिहायला बसवलं. साठ-सत्तर अर्ज लिहिले असतील. बोटं दुखून आली. दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी तालुक्याला गेल्या. कचेरीतल्या कारकुनानं गठ्ठा घेतला आणि म्हणाला, “जा आता, काम निघंल.” बायका हलेनात. “पोच द्या.” तो म्हणाला, पोच कशाला, माझ्यावर विश्वास नाही का? आई मला पुढे करून म्हणाली, “विश्वास हाय. पर शिक्का मारून द्या, मग उठतो.”

तिला वाचता येत नव्हतं, पण पोच म्हणजे काय ते तिला नीट कळलेलं होतं. पंधरा दिवस मोजायचे कुठून? पोचेवरच्या तारखेपासून. पोच नाही तर अर्ज नाही, अर्ज नाही तर मागणी नाही, मागणी नाही तर हमी कसली? तालुक्यात काम मागणारं कुणी नाही, असा अहवाल वर पाठवायला कचेरी मोकळी. म्हणून पोच द्यायला टाळाटाळ. त्या बायका दुपारी चारपर्यंत व्हरांड्यात बसून राहिल्या. शेवटी शिक्के पडले. पंधरवडा भरायच्या आत आमच्या ओढ्यावर नालाबांधाचं काम निघालं. आईनं ती पोच पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर ठेवली. नऊ वर्षांपूर्वी मला गप्प बसवणारी तीच बाई होती, हे माझ्या मनातून जात नाही.

योजनेचे गुणदोष मी झाकणार नाही. खोटी मस्टरं होती, मेलेल्या माणसांची हजेरी लागत होती, मोजमापाला खालपासून वरपर्यंत वाटेकरी होते. रस्ते पहिल्या पावसात वाहून गेले. बागायतदार कुरकुरत, की मजूर मिळत नाही, हंगामात कामं बंद ठेवा. पण पाझर तलाव झाले, बंडिंग झालं, विहिरींचं पाणी वाढलं. १९९० पासून लहान शेतकऱ्यांच्या रानात फळबाग लागवड याच योजनेला जोडली गेली. महाराष्ट्रातल्या कितीतरी डोंगरउतारांवरचे आंबे, डाळिंबं, बोरं त्यातून उभी राहिली.

यात एक वळण मात्र नीट समजून घ्यायला हवं. १९८३ साली राजस्थानातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की दुष्काळी कामावरही किमान वेतनापेक्षा कमी दिलं तर ती वेठबिगारी ठरते. टेंपलसाहेबांच्या एका पौंडाला हे शंभर वर्षांनी मिळालेलं उत्तर होतं. महाराष्ट्रात १९८८ मध्ये हमीच्या कामाची मजुरी किमान वेतनाच्या दरानं वाढली, जवळजवळ दुप्पट झाली. चांगलंच झालं. पण मग काय झालं? १९८५-८६ च्या सुमारास वर्षाला १८ कोटींच्या आसपास मनुष्यदिवस काम निघत होतं, ते दशक संपताना दहा कोटींच्या खाली आलं. पाऊस बरा झाला हे एक कारण होतं, पण तेवढंच नव्हतं. अर्थशास्त्रज्ञांनी आकडे तपासले तेव्हा दिसलं, की मजुरी वाढल्यावर काम मागणारे वाढायला हवे होते, प्रत्यक्षात मिळणारं काम मात्र घटलं. कुणी कायदा रद्द केला नाही. कामं उघडायची नाहीत, अर्ज घ्यायचे नाहीत, पोच द्यायची नाही, एवढं पुरलं. व्यवसाय कर मात्र जमा होतच राहिला. घटनेनं त्यावर घातलेली कमाल मर्यादा १९८८ मध्येच वर्षाला २५० वरून २,५०० रुपये झाली होती. माझ्या पगारातून पुढे महिना २०० रुपये जाऊ लागले आणि फेब्रुवारीत ३००, बेरीज बरोबर अडीच हजार. करातून येणारा पैसा आणि योजनेवर होणारा खर्च यांतलं अंतर किती वाढलं, यावर विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं चर्चा झाली.

कल्याणकारी राज्य असं आक्रसतं. ते मोडल्याची बातमी कधी येत नाही.

२००५ मध्ये महाराष्ट्राची ही कल्पना देशाची झाली. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा झाला आणि २ फेब्रुवारी २००६ रोजी आंध्र प्रदेशातल्या अनंतपूर जिल्ह्यातून त्याची सुरुवात झाली. आधी २०० जिल्हे, दोन वर्षांत सारा देश. २००९ मध्ये त्याला महात्मा गांधींचं नाव मिळालं. अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्राचा. पण हमी आता दर कुटुंबाला वर्षात १०० दिवसांची. महाराष्ट्रानं आपला जुना कायदा दुरुस्त करून शंभर दिवसांपुढचा भार स्वतःकडे ठेवला. या केंद्रीय कायद्यानं अर्जाला तारखेची पोच देणं लिहूनच टाकलं होतं, सामाजिक अंकेक्षणही आणलं. १८९६ च्या त्या पत्रकांनंतर शंभरावर वर्षांनी, नियमावर बोट ठेवण्याचा अधिकार सरकारनं आपणहून दिला होता.

मग यंत्रं आली. मजुरी बँकेत जमा व्हायला लागली. मुकादमाच्या मांडीवरचं मस्टर गेलं याचा आनंद मला सगळ्यांत जास्त झाला असेल. पण संशयाचं ते जुनं बीजही नव्या रूपात उगवलं. २०२३ च्या जानेवारीपासून सामूहिक कामांवर मोबाइलच्या ॲपमधून दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी. १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातूनच. खोट्या हजेरीला आळा बसायला हवा, यात वाद नाही. पण डोंगरात रेंज नसली की दिवसभर राबलेल्या बाईचा खाडा लागतो आणि त्याबद्दल भांडायला समोर माणूसच नसतो. माझ्या चुलतीला पेन्शनचे पैसे काढायला मी एकदा घेऊन गेलो होतो. ऐंशीच्या घरातली बाई. आयुष्यभर खुरपं धरून बोटांच्या रेषा पुसलेल्या. यंत्र तीनदा नाही म्हणालं. ती त्या पोराला म्हणाली, “बाळा, अंगठा झिजला, मी नाय झिजले अजून.” पोरगा हसला, पण पैसे दुसऱ्या दिवशीच मिळाले.

दुसरा बदल याहून मोठा आहे. गेल्या काही वर्षांत राज्यांचा कल काम देण्याकडून थेट खात्यात पैसे टाकण्याकडे वळला. महाराष्ट्रात २०२४ च्या जुलैपासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या महिलांना महिना १,५०० रुपये जाहीर झाले. वर्षाला सुमारे ४६ हजार कोटी रुपये लागतील, असा त्या वेळचा सरकारचा अंदाज होता. मध्य प्रदेश, कर्नाटक, पश्चिम बंगाल इथंही अशाच योजना आल्या. यावर शहरी मंडळी सोफ्यावर बसून जे टोमणे मारतात, त्यांत मी सामील होत नाही. स्वतःच्या नावाच्या खात्यात पहिल्यांदा पैसे आलेल्या बाया मी गावात पाहिल्या आहेत. कुणी शिलाई मशीन घेतलं, कुणी औषधं आणली, कुणी नवऱ्याला न विचारता माहेरी जाऊन आली. खडी फोडल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत हा टेंपलसाहेबांचा हिशेब मोडला, हेही बरंच झालं.

माझी अडचण वेगळी आहे. रोजगार हमीत सुरुवात मजुराकडून व्हायची. तो मागायचा आणि राज्याला पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागायचं. खात्यातल्या पैशात सुरुवात राज्याकडून होते. रक्कम राज्य ठरवणार, यादी राज्य करणार, निकष बदलणार, नाव घालणार नि काढणार. मिळते तोवर मोबाइलवर संदेश येतो. थांबलं की संदेशही थांबतो. कायद्याचा आधार नसलेला लाभ एका शासन निर्णयानं येतो आणि दुसऱ्या शासन निर्णयानं बदलतो. आणि पैसा कुणाचा? व्यवसाय करानं शहर आणि खेडं यांच्यात एक धागा बांधला होता, कितीही बारीक असला तरी. आता लाभ देणाऱ्याचा फोटो दिसतो, कर भरणारा कुठं दिसत नाही.

रोजगाराच्या हमीचंही रूप पुन्हा बदललं आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्याचं नाव ‘विकसित भारत – गॅरंटी फॉर रोजगार अँड आजीविका मिशन (ग्रामीण)’. हमी १०० ऐवजी १२५ दिवसांची. पण खर्चात बहुतेक राज्यांचा वाटा ४० टक्के, राज्याला वर्षाला किती पैसे ते केंद्र आधी ठरवणार, आणि पेरणी-काढणीच्या हंगामात एकूण ६० दिवस काम बंद ठेवता येणार. बागायतदारांची पन्नास वर्षांपूर्वीची कुरकुर अखेर कायद्यात जाऊन बसली. दिवस वाढले हे स्वागतार्ह आहे; पण रक्कम आधीच ठरली असेल, तर पैसे संपल्यावर आलेल्या अर्जाचं काय करायचं, याचं उत्तर मला तरी समाधानकारक वाटत नाही. १९८८ नंतरची वर्षं मी पाहिलेली आहेत.

आई आता नाही. गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो, तर पुतणी मोबाइल घेऊन आली. “काका, माझे एका योजनेचे पैसे तीन महिने झाले बंद आहेत. बघा ना काय झालंय.” मी विचारलं, अर्ज कधी केला होतास? तिनं पडद्यावर एक हिरवी बरोबरची खूण दाखवली. तारीख? ती दिसेना. चौकशी कुणाकडे करायची? तिनं एक नंबर दाखवला. तो आम्ही दुपारभर लावला, लागला नाही.

मग मी पत्र्याची पेटी काढली. पोच होती. शाई उडाली आहे, पण शिक्क्यातली तारीख वाचता येते. पुतणीनं ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, “आजीनं हे कशाला ठेवलं असेल?” मी तिला ती व्हरांड्याची गोष्ट सांगितली. रात्री तिनं कोरा कागद घेतला, मी सांगत गेलो, तिनं लिहिलं. कार्बन मिळाला नाही म्हणून दोनदा लिहिलं. सकाळच्या एसटीनं आम्ही तालुक्याला गेलो. खिडकीवरचा तरुण म्हणाला, “ऑनलाइन करा, कागद घेत नाही.” पुतणी माझ्याकडे बघायला लागली. मी बाकावर जागा करून दिली आणि म्हणालो, “बस. चारपर्यंत वेळ आहे.”